उष्णता न देता रसातले बीजाणू मारता येतात का? डाळिंबाच्या रसाच्या निमित्तानं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगोल्याजवळ तुमच्या गटाचा डाळिंबाच्या रसाचा छोटा प्रकल्प आहे. रस वाफेच्या मोठ्या भांड्यात ९० अंशांवर वीस मिनिटं ठेवता आणि गरम असतानाच बाटलीत भरता. त्यानं भगव्याचा, म्हणजे तुमच्या डाळिंबाच्या वाणाचा, रंग विटकरी पडतो आणि रसाला शिजल्याची चव येते. एवढं करूनही मे महिन्यात काही बाटल्यांना दवाखान्यासारखा वास येतो, बाटली मात्र फुगत नाही. हे बीजाणूंचं, म्हणजे स्पोअरचं काम आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं, आणि एका विक्रेत्यानं उष्णतेऐवजी यूव्हीचं, म्हणजे अतिनील प्रकाशाचं, यंत्र सुचवलं. त्याच यंत्रावर पुढे उसाचा रसही भरायचा विचार आहे.

उसाच्या रसाचा बेत आधी थांबवा. कारण खाली सांगतो, पण त्या यंत्राला आगाऊ रक्कम देण्याआधी एवढं वाक्य तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून सुरुवातीलाच लिहितोय. डाळिंबाच्या रसाचं म्हणाल तर तिथं बीजाणू मारायच्या मागेच लागू नका. तो गाळून काढायचा, आणि जो उरेल त्याला जागं होऊ द्यायचं नाही. हे तुमच्या आवाक्यातलं आहे आणि रंगही वाचतो.

बीजाणू इतका चिवट का, हे आपल्या सोलापूरच्या माणसाला समजवायला मी कडक भाकरी पुढे करतो. ताजी भाकरी दुसऱ्या दिवशी बुरसते, कडक भाकरी महिनोन् महिने टिकते, कारण तिच्यात पाणीच उरलेलं नसतं. काही जिवाणू उपासमार झाली की हेच करतात. आपला गाभा आटवून घेतात, त्यात डायपिकोलिनिक आम्ल आणि कॅल्शियम ठासून भरतात, डीएनएभोवती खास प्रथिनं गुंडाळतात आणि बाहेरून जाड कवचं चढवतात. आत पाणी अगदी कमी, म्हणून प्रथिनं सहजी शिजत नाहीत. श्वास नाही, खाणं नाही, त्यामुळे बहुतेक औषधांना धरायला जागाच मिळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मॅलाकाइट ग्रीनचा रंग देऊन बघितलं की जिवंत काड्या गुलाबी दिसतात आणि त्यांच्या पोटात हिरवा मणी दिसतो. तो मणी म्हणजे बीजाणू. पोषक वेळ आली की तो जागा होतो आणि पुन्हा वाढणारा जिवाणू बनतो. वाफेवर धरल्याशिवाय रंगही आत जात नाही, इतकं ते कवच घट्ट असतं.

आता यूव्ही. २५४ नॅनोमीटरचा हा प्रकाश डीएनएवर घाव घालतो आणि पाण्यासाठी तो उत्तम आहे. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, २००० साली फळांच्या रसासाठीही त्याला मान्यता दिली, पण अट घातली की रस नळीतून खळबळत वाहिला पाहिजे, प्रत्येक थेंब दिव्यासमोर आला पाहिजे. अडचण रंगाची आहे. डाळिंबाचा रस यूव्ही पिऊन टाकतो आणि प्रकाश जेमतेम मिलिमीटरभरही आत शिरत नाही. ज्या लाल रंगद्रव्यासाठी तुम्ही उष्णता टाळताय, तेच इथं जंतूंना सावली देतं. शिवाय बीजाणूच्या डीएनएभोवतीची ती प्रथिनं यूव्हीचा मार झेलतात. त्याला मारायला साध्या जिवाणूच्या कित्येक पट मात्रा लागते, आणि तेवढी दिली तर रंग आणि चव दोन्ही जातात. विक्रेत्याला एकच विचारा: बीजाणूंवर चाचणी केली आहे का, आणि ती पाण्यात केली की डाळिंबाच्या रसात? ई. कोलाय या बीजाणू न करणाऱ्या साध्या जिवाणूवरचा अहवाल दाखवला तर तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

दुसरं नाव तुमच्या कानावर येईल ते उच्च दाबाचं, एचपीपीचं. बाटलीबंद रस पाण्यात बुडवून त्यावर ६०० मेगापास्कलपर्यंत दाब द्यायचा. समुद्राच्या सर्वांत खोल तळाशी जेवढा दाब असतो त्याच्या पाचपटीहून जास्त. साधे जिवाणू आणि यीस्ट यात मरतात, रंग-चव ताजी राहते. मी असा रस चाखला आहे आणि तो खरोखर झाडाखाली पिळल्यासारखा लागतो. पण बीजाणू या दाबातून सहीसलामत बाहेर येतात. साध्या तापमानाला १००० मेगापास्कल दिले तरी ते पुरत नाहीत. गंमत म्हणजे शंभर-दोनशे मेगापास्कलच्या मध्यम दाबानं ते मरण्याऐवजी जागे होतात. म्हणून एचपीपीचा रस कायम फ्रिजमध्येच विकला जातो. दाबानं बीजाणू मारायचेच असतील तर सोबत ९० ते १२० अंश उष्णता लागते. त्या पद्धतीला २००९ साली अमेरिकेत बटाट्याच्या लगद्यासाठी मान्यता मिळाली. म्हणजे फिरून उष्णतेपाशीच आलो, आणि यंत्राची किंमत कोटींत.

विजेचे झटके देणारी पीईएफ पद्धत: पेशीच्या पडद्याला भोकं पाडते, बीजाणूला नाही. अल्ट्रासाउंड: एकट्यानं नाही, उष्णता आणि दाब सोबत असेल तर थोडंफार. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड: यीस्टसाठी चांगला, बीजाणूसाठी नाही. ओझोन: बीजाणूला मारतो, पण डाळिंबाचा रंग त्याआधी मारतो. धुण्याच्या पाण्यात वापरा, रसात नको. गॅमा किरणं: वैद्यकीय साहित्य २५ किलोग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप, किलोग्रे म्हणजे हजार ग्रे) मात्रेनं निर्जंतुक करतात आणि त्या मात्रेला बीजाणूही मरतात, पण रसातल्या पाण्याचेच तुकडे होऊन जे क्रियाशील कण तयार होतात ते चवीची माती करतात. लासलगावला कांद्याला किरणं देतात ना, असं लोक म्हणतात. ती मात्रा किलोग्रेत नसते, ग्रेमध्ये असते, आणि उद्देश कांद्याचे कोंब थांबवण्याचा असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पेरासिटिक आम्ल बीजाणूंवर जबरदस्त आहेत. अॅसेप्टिक, म्हणजे निर्जंतुक भरणीच्या, पाकिटाचा कागद ३५ टक्के पेरॉक्साइडनंच निर्जंतुक करतात. पण ती बाटलीची, नळीची, झाकणाची औषधं आहेत, रसाची नव्हेत. आणि सोडियम बेंझोएट किंवा सॉर्बेट घातलं की बीजाणू मेला, असं समजू नका. ती यीस्ट-बुरशीची वाढ रोखतात, एवढंच.

राहिलं गाळणं. उष्णतेशिवाय द्रवातला बीजाणू घालवण्याचा जो एकच मार्ग मी निर्धास्तपणे सुचवू शकतो तो हा आहे, कारण इथं त्याच्या चिवटपणाचा काही उपयोग होत नाही. कवच कितीही घट्ट असो, अंगानं तो साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आहे. ०.४५ मायक्रॉनच्या चाळणीतून तो जाऊ शकत नाही. उष्णता सोसत नाही अशी डोळ्यांची आणि सुईची औषधं जगभर ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून निर्जंतुक करतात. मोठ्या डेअऱ्या दुधातले बीजाणू कमी करायला १.४ मायक्रॉनचं सिरॅमिक वापरतात किंवा जोरात फिरणाऱ्या बॅक्टोफ्यूजमध्ये ते बाहेर फेकतात.

फक्त रस आधी नितळ करावा लागतो. गाळातला रस थेट मेम्ब्रेनवर, म्हणजे फिल्टरच्या पातळ पडद्यावर, सोडला तर दहा मिनिटांत ती बुजते. गढूळपणा मोडणारं पेक्टिनेज एन्झाइम घालून रस बसू द्या, मग १०, ५, १ मायक्रॉन असं उतरत या आणि शेवटी ०.४५. प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर प्रेशर गेज बसवा. दोघांतला फरक वाढत गेला तर फिल्टर बुजतोय. अचानक कोसळला तर फिल्टर फाटलाय, आणि तेव्हापासून भरलेला सगळा रस परत टाकीत घ्या. माझ्या पाहण्यातल्या एका कारखान्यात गेज होता, पण त्याकडे बघायचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं. दोन दिवसांचा रस फाटक्या मेम्ब्रेनमधून गेला आणि कळलं तेव्हा माल दुकानात पोचला होता. सुरू करताना आणि संपवताना बबल पॉइंट चाचणी (ओल्या फिल्टरवर हवेचा दाब देऊन तो फाटलेला नाही ना, हे बघणं) घ्यायला दहा मिनिटं लागतात. ती वाचवू नका. नितळ रसात थोडा रंग आणि तुरटपणा कमी होतो हे खरं, पण वीस मिनिटांच्या उकळीत जातो त्याच्या मानानं काहीच नाही.

आता त्या दवाखान्याच्या वासाकडे येतो, कारण तुमचं खरं दुखणं तिथं आहे. तुम्ही वर्णन केलंत त्यावरून मला जवळजवळ खात्री आहे की तो अॅलिसायक्लोबॅसिलस नावाचा बीजाणू करणारा जिवाणू आहे. १९८२ साली जर्मनीत सफरचंदाच्या रसाची मोठी नासाडी झाली, तेव्हा रस बिघडवणारा म्हणून तो पहिल्यांदा लक्षात आला. आम्ल त्याला आवडतं, डाळिंबाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३ ते ३.५ असतो तिथं तो सुखानं वाढतो. वायू करत नाही, म्हणून बाटली फुगत नाही. ग्वायाकॉल नावाचा पदार्थ सोडतो आणि त्याचा अब्ज भागांत दोन-चार भाग एवढा अंशही नाकाला कळतो. तो माणसाला आजारी पाडत नाही, पण तुमचं नाव बाजारातून उठवतो. ९५ अंशांवर त्याची संख्या दहापटीनं कमी करायला साधारण १ ते ५ मिनिटं लागतात, आणि ९० वर त्याच्या कितीतरी जास्त. म्हणजे तुमची वीस मिनिटंसुद्धा त्याच्यासाठी धड पुरी नाहीत, रंगासाठी मात्र जरुरीपेक्षा फार जास्त आहेत.

आणि हा जिवाणू सर्वांत जोमानं वाढतो कुठं? ४२ ते ५३ अंशांच्या दरम्यान. त्याहून थंड गोदामात तो सावकाश वाढतो. सोलापुरात मे महिन्यात सावलीतच पारा ४२-४३ ला जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली त्याच्याही वर. तुमचा हस्त बहाराचा माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिळला जातो आणि बरोबर उन्हाळा गोदामात काढतो. तक्रार मेमध्येच का येते, याचं उत्तर हे आहे.

आणखी एक गोष्ट मी स्वतः हात घालून पाहिली आहे. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आदल्या दिवशी दुपारी गरम भरलेल्या बाटल्यांचे क्रेट भिंतीला लावून छातीएवढे रचले होते. कडेची बाटली हाताला गार लागत होती. थप्पीच्या मधोमध हात घालून एक ओढून काढली, तर ती दूध विरजायला लावतो तेवढी कोमट. थर्मामीटर घातला, ४६ अंश. भरून वीस तास झाले होते. बीजाणूला ८० अंशांचा चटका बसला की तो मरत नाही, उलट जागा होतो. प्रयोगशाळेत आम्ही मोजणी करण्याआधी त्याला मुद्दाम ८० अंशांवर दहा मिनिटं ठेवतो ते त्यासाठीच. आणि इथं चटका देऊन उठवल्यावर त्याला रात्रभर आवडीच्या तापमानात ठेवलं होतं. त्या लॉटमध्ये वास आलेल्या बाटल्या जवळजवळ सगळ्या थप्पीच्या पोटातल्या निघाल्या. हे मालकाला दाखवलं तेव्हा त्यांनी मशीन बदललं नाही, भरण्यानंतर थंड पाण्याच्या फवाऱ्याचा बोगदा बसवला.

तेव्हा तुमच्यासाठी मी असं करीन. फळ निवडताना तडकलेलं आणि जमिनीवर पडलेलं बाजूला काढा. तेल्या पडलेलं फळ रसासाठी स्वस्तात मिळतं हे मला माहीत आहे. तेल्याचा जिवाणू स्वतः बीजाणू करत नाही, पण त्यानं पडलेल्या भेगांत आपली काळी माती भरते, आणि अॅलिसायक्लोबॅसिलस येतो तो मातीतूनच. धुण्याचं पाणी फिरवून फिरवून वापरू नका, शेवटची धुलाई ताज्या पाण्याची. पिळणं, एन्झाइम, गाळणं ०.४५ पर्यंत. मग उष्णता पूर्ण सोडू नका, तिची पद्धत बदला. वीस मिनिटांच्या भांड्याऐवजी नळीचा किंवा प्लेटचा पाश्चरायझर घ्या, ९५ अंश, अर्धा मिनिट, ८५ ला बाटलीत, बाटली आडवी करून झाकणालाही तो गरम रस दोन-तीन मिनिटं लागू द्या आणि लगेच गार. अर्ध्या तासात बाटलीच्या मध्यावर ३५ च्या खाली आलं पाहिजे. गाळण्यानं बीजाणू गेले, या थोड्या उष्णतेनं यीस्ट, एन्झाइम आणि बाटलीच्या आतली बाजू सांभाळली. बाटली काठोकाठ भरा. या जिवाणूला वाढायला प्राणवायू लागतो, त्याला जागा ठेवू नका.

हे समीकरण एकदा नीट समजून घ्या, कारण उष्णतेला शत्रू मानण्यात चूक होते. तापमान १० अंशांनी वाढवलं की बीजाणू साधारण दहापट वेगानं मरतात. रंग आणि चव बिघडवणाऱ्या रासायनिक क्रियांना तेवढा वेग यायला साधारण ३० अंश लागतात. म्हणजे २० अंश वर गेलं तर मारणं शंभरपट वाढतं आणि बिघाड चार-पाचपट. म्हणून यूएचटी दूध १३५ ते १५० अंशांवर मोजकेच सेकंद ठेवतात आणि ते पिण्यालायक राहतं. रंग जातो तो जास्त उष्णतेनं कमी, आणि जास्त वेळानं जास्त.

नायसिनबद्दलही विचाराल. दुधातल्या एका जिवाणूपासून मिळणारं ते प्रथिनासारखं रसायन आहे. बीजाणू जागा होऊन बाहेर डोकावला की त्याचा पडदा फोडतं, आणि अॅलिसायक्लोबॅसिलसवर ते चांगलं चालतं. आम्लात टिकतंही. पण तुमच्या परवान्याच्या वर्गात चालतं का, किती चालतं, ते अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडून लेखी घेतल्याशिवाय वापरू नका. जागं करून मारण्याची ही कल्पना जुनी आहे. जॉन टिंडालनं १८७७ मध्ये द्रव एकदा गरम करायचा, थांबायचं, उठलेले पुन्हा गरम करून मारायचे, अशी पद्धत काढली. आजही दाबाच्या यंत्रावर तसे प्रयोग चालतात. अडचण तेव्हाची आणि आताची एकच: काही बीजाणू हाक मारूनही उठत नाहीत, आणि नंतर दुकानात उठतात.

बाटलीत पांढरी तंतूंसारखी बुरशी दिसली तर ती वेगळी, बिसोक्लॅमिस असू शकते. तिचे बीजाणूही ८५ अंशांतून निभावतात. ०.४५ चा फिल्टर तिलाही अडवतो.

आता उसाचा रस. डाळिंबाचा सामू ३ ते ३.५, उसाचा ५ ते ५.५. मध्ये ४.६ ची रेघ आहे. त्या रेघेच्या वर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचा बीजाणू बंद बाटलीत, हवेवाचून, वाढू शकतो आणि विष करतो. पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं, मग श्वास थांबतो. वास येईलच असं नाही, बाटली फुगेलच असं नाही. २००६ साली अमेरिकेत गाजराच्या बाटलीबंद रसानं हेच झालं. रस पाश्चराइज केलेला होता. त्या उष्णतेनं साधे जिवाणू मेले, बीजाणू राहिला, आणि फ्रिजबाहेर राहिलेल्या बाटलीत तो उठला. हा बीजाणू भरवशानं मारायला १२१ अंशांवर साधारण ३ मिनिटं लागतात, म्हणजे रिटॉर्ट (दाबाखालच्या वाफेचं भांडं) किंवा यूएचटी. यूव्ही, एचपीपी, पीईएफ यांतलं काहीही त्याच्या जागी चालत नाही. गाळणं चालेल, पण मग बाटली, झाकण, हवा, भरण्याचं नोझल सगळं निर्जंतुक लागतं, औषध कारखान्यासारखं. ते तुमच्या शेडमध्ये होणार नाही, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण इथं चूक झाली तर माणूस जातो. गाड्यावरचा उसाचा रस पिळला की लगेच पितात, म्हणून तिथं हा प्रश्न येत नाही. बाटलीत भरायचाच असेल तर लिंबाचा रस घालून सामू ४.२ च्या खाली आणा, दर लॉटला कॅलिब्रेट केलेल्या मीटरनं मोजा, पट्टीनं नको, आणि वहीत लिहा. शहाळ्याच्या पाण्यालाही हाच नियम.

सोलापूरजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. प्रक्रियेबद्दल तिथं जरूर जाऊन विचारा, जाताना बिघडलेली बाटली आणि त्याच लॉटची चांगली बाटली, दोन्ही घेऊन जा.

यंत्रावर पैसे घालण्याआधी एक चाचणी घरच्या घरी करता येईल. पुढच्या लॉटमध्ये थप्पीच्या मधल्या सहा आणि कडेच्या सहा बाटल्यांवर खूण करा. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक गटातली एक उघडून मध्यावरचं तापमान लिहा. बाकीच्या दहा ४५ अंशांच्या पेटीत ठेवा, अंडी उबवायची छोटी पेटी तेवढं तापमान धरत असेल तर तीही चालते. दर दोन दिवसांनी दोन्हीकडची एकेक उघडायची, वास घ्यायचा, लिहायचं. वास घेणाऱ्याला बाटली कुठली ते सांगू नका. मधल्या आधी बिघडल्या तर पहिला खर्च फवाऱ्याच्या बोगद्यावर करा. दोन्ही सारख्याच बिघडल्या तर फळ धुण्यापासून सुरू करा आणि फिल्टर घ्या.